एका जोडणीवर घरातले सगळे कॉम्प्युटर: आधी काय पाहून ठेवावं

नवा राउटर घ्यायच्या आधी घरात असलेलाच डबा उलटून बघा. इंटरनेट कंपनीने बसवलेला मोडेम बऱ्याचदा राउटरही असतो. मागे तीन-चार लॅन पोर्ट (घरातली यंत्रं जोडायची भोकं) दिसले, तर वाटणीची सोय आधीच झालेली आहे, केबल लावली की काम झालं. पोर्ट कमी पडत असतील तर साधा स्विच, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा, पुरतो. राउटर खरंच बदलायचा असेल, तर इंटरनेट जोडणीचं लॉगिन नाव आणि पासवर्ड कंपनीकडून आधी लिहून घ्या. जुना राउटर रीसेट केल्यावर ते शोधत बसणं नको. काही कंपन्या जोडणी एकाच यंत्राच्या मॅक पत्त्याशी (यंत्राच्या ओळख क्रमांकाशी) बांधतात, तेही विचारून ठेवा.

खरा घोळ होतो तो घरात दोन राउटर असले की. बऱ्याचदा दोघेही १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून बसतात, दोघेही डीएचसीपीने (जोडलेल्या यंत्रांना आपोआप पत्ते देण्याच्या सोयीने) पत्ते वाटतात, आणि मग नेट कधी चालतं, कधी नाही. त्यामुळे जोडण्याआधीच दुसऱ्या राउटरचा पत्ता बदला, म्हणजे १९२.१६८.१.२ वगैरे, मात्र तो पहिला राउटर वाटत असलेल्या पत्त्यांमधला नको. त्याचं डीएचसीपी बंद करा आणि पहिल्याकडून येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट आणणाऱ्या केबलच्या पोर्टमध्ये) न घालता लॅनमध्ये घाला. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड (राउटरचं काम सोडून फक्त वायफाय आणि पोर्ट पुरवणं) असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. केबल वॅनमध्येच ठेवली, तर दुसऱ्याचं डीएचसीपी चालू आणि पत्ता वेगळ्या मालिकेतला (१९२.१६८.२.१ वगैरे) असला तरच नेट चालेल, पण एका राउटरवरचा प्रिंटर दुसऱ्यावरच्या कॉम्प्युटरला बहुधा सापडणार नाही.

केबल कॅट ५ई (केबलची प्रत, तिच्यावरच छापलेली असते) किंवा वरची, एक तुकडा १०० मीटरच्या आत. तिच्यातल्या आठही तारा शाबूत हव्यात. एखादी तुटली की १००० एमबीपीएसची (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाची) जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० वर येते, आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. वायफायला भिंती पार करायच्या असतील तर २.४ गिगाहर्ट्झ, जवळ बसून वेग हवा असेल तर ५. जागचा न हलणारा कॉम्प्युटर मात्र केबलवरच ठेवावा, असं माझं मत.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा ३ (वायफायचं कुलूप) लावा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय) बंद करा. शेवटी एकच कॉम्प्युटर केबलने जोडून वेग मोजा आणि आकडा टिपून ठेवा. बाकीचे त्यानंतर एकेक करून जोडा, म्हणजे नेट कुठे अडलं ते लगेच कळेल.