अंदमानच्या डायव्हिंगची तयारी पुण्यातल्या पोहण्याच्या तलावात

तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेले पुणेकर पुष्कळ भेटतात. इन्स्ट्रक्टर मागून धरून खाली नेतो, फोटो होतात आणि थोड्याच वेळात वर. तेवढीच हौस असेल तर ते पुरेसं आहे. पण कासव, मोरे ईल हा सापासारखा लांब मासा, प्रवाळातले इवले मासे हे सगळं आपल्या गतीनं, निवांत बघायचं असेल तर रीतसर कोर्स करावा. आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्यातला मोठा भाग पुण्यातच करा.

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ‘ओपन वॉटर डायव्हर’ कोर्समध्ये थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रातले ४ डाइव्ह असतात. थिअरी आणि तलाव इथे संपवून रेफरलचा कागद, म्हणजे एवढा भाग पूर्ण झाल्याचा दाखला, घेतला की उरलेले डाइव्ह १२ महिन्यांच्या आत दुसरीकडे करता येतात. अंदमानची सुट्टी मोजक्या दिवसांची. तिथला समुद्र समोर असताना धडे गिरवत बसायला कोणालाच आवडत नाही.

वय १० पूर्ण हवं. २०० मीटर पोहायचं, त्याला वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं तरंगायचं. मेडिकल फॉर्म भरताना दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास यांपैकी काहीही लपवू नका. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर ऐका.

नव्यांना सगळ्यात जड जातो तो मास्कचा धडा. तळाशी गुडघ्यांवर बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं. ते गालांवरून डोळ्यांपर्यंत चढतं, क्लोरीन झोंबतं, नाकानं श्वास ओढावासा वाटतो. अशा वेळी मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, नजर जरा वर करायची आणि नाकानं लांब फुंकर सोडायची. पाणी खालच्या कडेनं निघून जातं. ही कृती अंगवळणी पडेपर्यंत करा, कारण समुद्रात पुढच्याच्या पायातला फिन (पोहायचं वल्हं) लागून मास्क सरकणं ही रोजची गोष्ट आहे.

दुसरं, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं अनेकांना वाटतं. ती दाबून भरलेली साधी हवा असते. १० मीटरवर पाण्याचा आणि वातावरणाचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगू पाहते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही. कान दुखायची वाट न पाहता, उतरायला लागल्यापासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत राहायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही.

आता बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न जाता तरंगत राहणं. माझ्या मते सगळा कोर्स हिच्यात आहे. श्वास घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की खाली येतं. तळाच्या फरशीपासून वीतभर वर, हातपाय न हलवता आडवं थांबता आलं की समजा जमलं. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. त्याच्या काही जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात आणि फिनच्या एका फटक्यात मोडतात. हात लावायचा नाही, तुकडा खिशात घालायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ संरक्षित आहेत.

स्थिर राहणाऱ्याला काय दिसतं ते सांगते. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, एका खडकाशी गोब्र्यासारखा मोठा मासा तोंड उघडून, कल्ले फुलवून थांबला होता. निळ्या-काळ्या पट्ट्याचा बोटभर ‘क्लीनर रास’ नावाचा मासा त्याच्या जबड्यात शिरला, परजीवी टिपत आत फिरला आणि कल्ल्यातून बाहेर आला. मोठ्या माशानं तोंड मिटलं नाही. आम्ही जरा बाजूला, हळू श्वास घेत होतो म्हणून हे चाललं. घोळका जवळ सरकला असता तर तो केव्हाच निघून गेला असता. मोरे ईलही तोंड उघडझाप करते ती श्वासासाठी, तिला घाबरू नका. सांभाळायचं ते टायटन ट्रिगरफिशला. घरट्यावर असताना तो चावायला धावतो आणि त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर न पळता आडवं दूर व्हायचं.

परतीचं तिकीट मात्र आधी विचार करून काढा. लागोपाठच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ घेतो. शेवटचा दिवस श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, ठेवा, सेल्युलर जेल नीट पाहून होतं.