महाबळेश्वर की मुरूड-आंजर्ले? सुट्टीचं ठिकाण ठरवायचं कसं

सुट्टीची तारीख आधी पक्की करा, ठिकाण नंतर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी जायचं की दापोली तालुक्यात मुरूड, हर्णै, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर, हा वाद घरात बहुधा आवडीनिवडीवर चालतो. पण चुकीच्या महिन्यात गेलं तर डोंगरवेड्यालाही धुक्यापलीकडे काही दिसत नाही आणि समुद्रवेड्याला पाण्यात पाय घालता येत नाही. (इथलं मुरूड दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे.)

१. महिना बघा

जून ते सप्टेंबर समुद्र बाद. खवळलेल्या पाण्यात उतरणं जिवावर बेतू शकतं, शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताटात ताजा मासाही कमीच. महाबळेश्वरला वर्षभरात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. केट्स पॉइंट, आर्थर सीट सगळं ढगात. पाऊसच अंगावर घ्यायचा असेल तर जरूर जा, पण वाईहून पसरणी घाटानं. पोलादपूरच्या बाजूचा आंबेनळी घाट दरडींचा आहे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी खचला होता.

ऑक्टोबर डोंगराचा: हवा धुतलेली, दऱ्या हिरव्या, आणि खाली किनाऱ्यावर मात्र उकाडा. नोव्हेंबर ते जानेवारी आमचं मत सरळ किनाऱ्याच्या बाजूनं. याच दिवसांत महाबळेश्वरला कडाक्याची थंडी पडली की वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठतं. ते बघायला पहाटे जावं, पण बरोबर दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर मुक्काम तलावाकाठी न करता बाजारपेठेजवळ करा. तिथे गारठा कमी असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निवड खरंच अवघड. वर स्ट्रॉबेरीचा हंगाम, खाली आंजर्ले आणि वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, पण नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही. म्हणून निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधीची आहेत ते विचारा आणि सकाळ-संध्याकाळ मिळून किमान दोन फेऱ्यांची तयारी ठेवा.

एप्रिल-मे डोंगराचा, गर्दी सोसायची तयारी असेल तर. हापूससाठी किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी दुपारी बारा ते चार घरातच काढायचे.

२. प्रवासाचे तास मोजा

पुण्याहून महाबळेश्वर १२० किलोमीटर, तीन-साडेतीन तास. दापोली १९०च्या आसपास, पण ताम्हिणी आणि पुढचे घाट धरून साडेपाच-सहा तास. तिथून आंजर्ल्याला आणखी पाऊण तास. म्हणजे एका रात्रीच्या सुट्टीत पुणेकरांनी किनाऱ्याचा हट्ट धरू नये, दोन रात्री लागतातच. मुंबईकरांना दोन्हीकडे वेळ जवळपास सारखाच लागतो. मोठ्या सुट्टीत शनिवारी सकाळी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून पहाटे सहाच्या आत वाई मागे टाका.

पावसाळा नसेल आणि हाताशी चार दिवस असतील तर निवडूच नका. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूर, खेड, दापोली हा टप्पा साधारण १२० किलोमीटरचा, चार तासांचा. घाट लागणाऱ्यांनी औषध निघण्याआधी अर्धा तास घ्यावं. उलटी सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही.

३. समुद्र ठरला तर तिथी बघा

बहुतेक जण हेच विसरतात आणि ऐन संध्याकाळी अरुंद पुळणीवर उभे राहतात. कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ अंदाजे निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी.

आता तारीख जुळवा. सकाळ-संध्याकाळ लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या मागचे-पुढचे एक-दोन दिवस घ्या: उधाणाच्या या दिवसांत ओहोटीला पाणी समुद्राकडे खूप मागे सरतं आणि ओहोटी नेमकी तांबडं फुटताना आणि सूर्यास्ताच्या सुमारास येते. मुलांना डुंबायचं असेल तर चतुर्थी ते सप्तमी बरी, कारण दुपारी पाणी चढत असतं आणि भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो. ओहोटीत पाण्यात उतरू नका, पाणी आत ओढतं. नेमक्या वेळा भरतीच्या तक्त्यात पडताळून घ्या.

आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते, पण वळताना चाक कोरड्या वाळूत गेलं की रुततं. भरती त्याची वाट बघत थांबत नाही.

४. माणसं बघा

गुडघे दुखणाऱ्यांना आर्थर सीटची चढउतार जड जाते, केट्स पॉइंटला मात्र गाडी बरीच जवळ जाते. किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय रुततात, ओल्या पट्ट्यावर चालणं सोपं. औषधपाणी, पेट्रोल, रोख रक्कम यांची सोय दापोलीतच करून पुढे जा.

५. खोली घेताना विचारा

महाबळेश्वरला: गाडी कुठे लागणार, गरम पाणी किती ते किती. मुरूड-आंजर्ल्याला: जेवण शाकाहारीच आहे का? अनेक घरगुती खाणावळींत मासे होत नाहीत, मग मासे खायला हर्णै किंवा कर्द्याच्या बाजूला जावं लागतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, तेही विचारा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी, माणसांचा आकडा देऊन सांगा.