शुगर आणि पाळी: नोंद एकाच वहीत कशी ठेवावी

मधुमेहाच्या डॉक्टरांकडे आपण शुगरचे आकडे घेऊन जातो आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाळीच्या तारखा. हे दोन कागद एकमेकांना कधी भेटतच नाहीत. मग महिन्यातला एक आठवडा शुगर चढली की खापर जेवणावर फुटतं, पाळी लांबली की टेन्शनवर. म्हणून औषधांच्या आधी वहीपासून सुरुवात करा.

तीन पाळ्यांची वही

रक्तस्राव सुरू झाला तो दिवस १. तिथून पुढे रोज सकाळची उपाशीपोटीची शुगर आणि जमेल तेव्हा जेवणानंतर दोन तासांची. शेजारी घेतलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिनची युनिट्स. पाळीच्या दिवसांत किती पॅड भिजले, गाठी पडल्या का, ओटीपोटात किती दुखलं. एरवी खाज, अंगावरून पांढरं जाणं, लघवीला जळजळ. ‘आज बरं नव्हतं’ एवढंच लिहिलं तर महिन्याने तुम्हालाच काही कळणार नाही, आकडा लिहा. आणि एकाच महिन्यावरून निष्कर्ष काढू नका.

पाळीच्या आधीचा आठवडा

बीज बाहेर पडल्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे जेवण तेच, गोळी तीच, तरी पाळीच्या आधीचे पाच-सात दिवस अनेकींची शुगर चढी राहते. सगळ्यांनाच असं होत नाही, म्हणून तर वही हवी. त्याच दिवसांत भूक आणि गोडाची ओढही वाढते. तेव्हा उपाशी राहून शुगर पाडण्यापेक्षा जेवणातले पिष्टमय पदार्थ थोडे कमी करून डाळी-भाज्या वाढवणं आणि जेवणानंतर चालणं जास्त टिकतं.

इन्सुलिन घेत असाल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: या दिवसांत डोस किती वाढवायचा, आणि कोणत्या दिवशी परत खाली आणायचा. दुसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि घोळ तिथेच होतो. पाळी सुरू झाली की हार्मोन्स खाली येतात, शुगरही उतरू लागते. वाढवलेला डोस तसाच राहिला आणि पोटदुखीमुळे जेवणही गेलं नाही, तर शुगर एकदम खाली जाते. हात थरथरणं, घाम, धडधड याला पाळीचा अशक्तपणा समजू नका, आधी शुगर तपासा. ७० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

पाळी लांबत किंवा चुकत असेल तर

पाळी २१ ते ३५ दिवसांनी येणं सर्वसाधारण मानलं जातं. नियमित येणारी पाळी लांबली की सगळ्यात आधी दिवस गेले आहेत का ते तपासा. थांबलेली बीजनिर्मिती मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने पुन्हा सुरू होऊ शकते, त्यामुळे ‘माझी पाळी अनियमितच असते’ या भरवशावर राहू नका. मूल हवं असेल तर आधी शुगर ताब्यात आणा आणि चालू औषधं दाखवून घ्या. रक्तदाब-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह असेल तर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सच्या तपासण्या, सोनोग्राफी. टाइप २ मध्ये बऱ्याचदा मुळाशी पीसीओएस हा हार्मोन्सचा विकार निघतो: रक्तातलं जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. टाइप १ मध्ये शुगर दीर्घकाळ चढी राहिली, वजन उतरलं, तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेशच मंदावतो. पाळी आली नाही की ‘घाण रक्त आत साचतं’ हा समज मात्र सोडा. खरी काळजी वेगळी आहे. बीज न सुटता महिने गेले की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, मग एकदम खूप अंगावर जातं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी नसेल तर वाट बघू नका.

रिपोर्ट वाचताना

एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. पण खूप अंगावर जात असेल तर तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. लोह कमी असेल तर ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल तर कमी. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या.

खाज, पांढरं जाणं, वेदनाशामक गोळ्या

चढ्या शुगरमध्ये बुरशीला आयतं खाद्य मिळतं. संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल तर नुसतं मलम बदलून भागणार नाही, शुगर उतरवावी लागेल. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यांनीही हा त्रास वाढतो. सुरू असतील तर डॉक्टरांना सांगा. योनीच्या आत साबण किंवा जंतुनाशक वापरू नका. पॅड चार ते सहा तासांनी बदला.

पोटदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड घेण्याआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट बघून घ्या. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर या गोळ्या परवडत नाहीत.

त्याच दिवशी दवाखाना

तासाला एक पॅड भिजतोय आणि दोन-तीन तास तसंच चाललंय, चक्कर येतेय, तर लगेच निघा. पोटदुखीबरोबर उलट्या, जोरजोरात श्वास, खूप तहान असेल तर ते पाळीचं दुखणं समजून झोपून राहू नका, कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात साचणारी आम्लं) तपासा. जेवण जात नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की त्यांच्यात शुगर फारशी चढलेली नसतानाही कीटोन वाढलेले असू शकतात.