नाकातल्या नळीतून घरी फीड देताना

कोथरूडच्या घरी मी सासूबाईंना दीड वर्ष रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, भरवलं. हॉस्पिटलमधून सोडताना सिस्टरांनी सगळं दाखवलं होतं, पण पहिल्याच रात्री क्रम आठवेना. म्हणून हे लिहून ठेवते.

हात साबणाने धुवा आणि पेशंटला बसतं करा. पाठ ३० ते ४५ अंश वर हवी. वरखाली होणारी कॉट नसेल तर पाठीशी गादीची वळकटी लावा. आडवं ठेवून फीड देऊ नका, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

आता नळी. नाकपुडीपाशी तिच्यावर पेनाची खूण असते, ती दर वेळी बघायची. खूण सरकली असेल किंवा तोंडात नळीचं वेटोळं दिसलं, तर थेंबभर पाणीसुद्धा नको. नळी स्वतः आत ढकलू नका, सिस्टरांना बोलवा.

सगळं जागेवर असेल तर आधी ३० मिलि उकळून गार केलेलं पाणी. (गुरुवारी पाणी बंद असलं तर बुधवारी रात्रीच उकळून ठेवा. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.) मग ५० मिलिच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, नळीला जोडा आणि फीड ओता. सिरिंज थोडी उंच धरली की ते आपोआप उतरतं. दट्ट्याने रेटू नका. २०० मिलिला पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. सिरिंज रिकामी व्हायच्या आत पुन्हा भरा, नाहीतर पोटात हवा जाते. आज काय आहे तेही सांगा. मुगाचं कढण म्हटलं की सासूबाई भुवया उंचावायच्या. कढण, पेज सुती फडक्यातून गाळूनच घ्या. शेवटी पुन्हा ३० मिलि पाणी, आणि तासभर तसंच बसतं ठेवा.

गोळ्या फीडमध्ये कालवू नका. मी एकदा कॅल्शियमची गोळी दुधात घातली, नळी तुंबली आणि रविवारी रात्री नवी घालावी लागली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. प्रत्येक गोळी वेगळी कुटून पाण्यात विरघळवा, मधे थोडं पाणी सोडा. काही गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांच्याऐवजी सिरप मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

तोंडाने खात नसले तरी तोंड दिवसातून दोनदा ओल्या गॉजने पुसा.

फीड चालू असताना ठसका लागला, उलटी झाली किंवा दम लागला, तर नळी चिमटीत दाबून फीड लगेच थांबवा. ओठ निळसर दिसले किंवा दम बसला नाही, तर १०८ला फोन करा.