लहान व्हायचं कसं? सुरुवात पंगतीपासून

नवापूरकडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल (लेकरांचा रविवारचा बायबल वर्ग) मी घेते. बायबलमधला मत्तयचा 18वा अध्याय, जिथं येशू ‘बालकांसारखे व्हा’ म्हणतो, तो शिकवायचा असेल, तर ‘लेकरं निष्पाप असतात’ इथून सुरुवात करू नका. दोन भाऊ अन् एक पेरू, एवढं ज्यानं बघितलंय त्याला ते पटत नाही.

आधी मार्कचा 9वा अध्याय काढा. कफर्णहूमला येताना शिष्य वाटेत वाद घालत होते, आपल्यात मोठा कोण? येशूनं विचारल्यावर सगळे गप्प. मग त्यानं एक बालक मधोमध उभं केलं. त्या काळी लेकराला ना मान, ना अधिकार. भोळेपणाचं कौतुक नव्हतं ते; शिष्यांनी त्या खालच्या जागेवर उतरावं, असं सांगणं होतं. इथं घाई करू नका. मुलांनाच विचारा, घरात तुमचं कोण ऐकतं? उत्तरं ऐकून पालक खाली बघतात.

मग कृती. हिवाळ्यात भरीत अन् कळण्याच्या पुऱ्यांचं जेवण ठेवा. पहिल्या पंगतीला लेकरं अन् स्वयंपाक करणाऱ्या बाया. वाढायला मंडळीचे पंच आणि पाळक (पास्टर). पुढच्या खुर्च्या आधीच उचला. (गुडघे खरंच दुखत असतील त्यांना द्या, बाकीच्यांचे गुडघे रविवारीच दुखतात.) ताटं घासायला चिठ्ठ्या टाका. फोटो मात्र नको. व्हॉट्सॲपवर गेला की कोण जास्त नम्र, हा नवा वाद.

मोठ्यांना घरचा अभ्यास एकच: घरातल्या धाकट्याला म्हणायचं, ‘मला येत नाही, दाखव.’ मोबाईलवरून पैसे पाठवण्यापासून सुरुवात केली तर सोपं जातं.