पॉवरबँकवर दमयंती चिकटवायचीय?

भावांनो, पेंटिंग छापलेली रेडिमेड पॉवरबँक लई महाग पडते, त्यापेक्षा साधी १०००० एमएएचची घ्या आणि कोल्हापुरात राजारामपुरीत एखाद्या स्टिकरवाल्याकडनं रविवर्म्यांची 'हंस दमयंती' मॅट व्हिनाइलवर मारून आणा, रविवर्मा १९०६ ला गेले त्यामुळं कॉपीराइटचं टेन्शन नाही. माप घेताना पोर्ट, बटण, लाइटची जागा सोडा, मी अंदाजानं कापलं आणि बटणाचं भोक बरोबर दमयंतीच्या नाकावर आलं, घरात आठवडाभर हसत होते. आधी स्पिरिटनं पुसून वाळू द्या, मग एका कडेपासनं जुन्या एटीएम कार्डानं दाबत न्या, बुडबुडे राहत नाहीत. हेअर ड्रायर अजिबात नको, आत लिथियम बॅटरी हाय. आणि मागं वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते, लिहिलेलं असतं ते झाकू नका, विमानतळावर तेच बघतात.