गणपतीआधी मंडळाची वेबसाइट मोबाइलवर तपासताना

सगळ्यात आधी फोन गोळा करा. नौपाड्यातल्या आमच्या मंडळाची वेबसाइट लोक मोबाइलवरच उघडतात, त्यामुळे लॅपटॉपचा नंबर शेवटी. एक चार-पाच वर्षं जुना अँड्रॉइड, एक आयफोन आणि कुणाच्या तरी आईचा फोन, अक्षरं मोठी करून ठेवलेला. हा तिसरा विसरू नका, मांडणी मोडते ती तिथेच.

पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, व्ह्यूपोर्टची (पान फोनच्या रुंदीत बसवणारी) ओळ आहे ना आणि तिच्यात झूम बंद केलेलं नाही ना, हे बघा. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवायचा मोह होतो, पण देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘गणेशोत्सव’ सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ते शून्यावरच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हाताने द्या, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

खरा वेळ द्यायचा तो व्हिडिओला. गेल्या वर्षी विसर्जनाचा व्हिडिओ मी आयफोनवर काढला आणि तसाच चढवला. ज्या काकांनी मुलांचं लेझीम बसवलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला: ताशा ऐकू येतोय, चित्र काळंकुट्ट. फार वाईट वाटलं. फाइल एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीची होती आणि त्यांच्या फोनवरच्या ब्राउझरला ती उलगडता येत नव्हती. म्हणून आता एच.२६४ या जुन्या, जवळपास सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीची एमपी४ फाइलच करायची. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण करा, फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आत चालू होतो. वजनही मोजा. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने ५ मिनिटांचा व्हिडिओ १८८ एमबीच्या आसपास जातो, दीड मेगाबिटने ५६. हातातल्या पडद्याला दुसरा पुरतो. पानाच्या कोडमध्ये व्हिडिओला ‘प्लेजइनलाइन’ (playsinline) लिहिलं नाही तर आयफोन तो थेट पूर्ण पडद्यावर उघडतो. आपोआप सुरू करायचा तर आवाज बंद ठेवावा लागतो, ब्राउझर एरवी अडवतातच. माझं मत विचाराल तर आपोआप सुरू करूच नका, डेटा लोकांच्या पैशांचा आहे. पोस्टर म्हणून, म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसायला, एक चांगला फोटो लावा आणि प्रीलोड ‘नन’ (none) ठेवा, म्हणजे तो आधीच उतरायला लागत नाही.

आरतीच्या पानाची गोष्ट वेगळी. तिथे लोक फोन हातात धरून म्हणतात, पडद्याला कुणी बोट लावत नाही, आणि दुसऱ्या कडव्याला पडदा विझतो. स्क्रीन वेक लॉक, म्हणजे पडदा विझू न देणारी ब्राउझरची सोय, वापरा. आरतीचा ऑडिओ १२८ केबीपीएसवर ५ मिनिटांना ५ एमबीच्या आतच बसतो.

वर्गणीच्या फॉर्ममधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत, नाहीतर आयफोन रकान्यावर बोट ठेवताच पान मोठं करतो. बटणं ४८ पिक्सेलची.

मग सगळे फोन घेऊन ठाण्याहून वाशीची लोकल पकडा. एका हाताने कडी धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान चालवायचं. परतताना संध्याकाळी सातच्या सुमारास ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर, भर गर्दीत, व्हिडिओ पुन्हा लावून बघा. तो तिथे अडखळलाच तर त्याच्या खाली आकार एमबीमध्ये लिहून टाका, म्हणजे ज्यांना घरी जाऊन वायफायवर बघायचाय त्यांना आधीच कळेल.